कुतचा वेढा, मराठा पलटणी आणि कमी पैशांतला युद्धपट

युद्धपट करायचाय म्हटलं की निर्माता आधी विचारतो: रणगाडे किती, स्फोट किती, घोडे किती? हिशेबाच्या वहीत हे प्रश्न बरोबर आहेत, पण पटकथेच्या टेबलावर ते फार लवकर येतात. आधी ठरवायचं ते असं की या शिपायाला गोळी झाडण्याहून अवघड असं काय करावं लागणार आहे. श्रद्धेवरचा युद्धपट असेल तर याचं उत्तर एखाद्या निर्णयात सापडतं. निर्णय टिपायला चेहरा लागतो, आवाज लागतो, थोडा धीर लागतो. दारूगोळा लागत नाही. कमी पैशांत युद्धपट होऊ शकतो तो या एका कारणामुळे. बाकी सगळी काटकसर त्यानंतरची.

२००३ साली अमेरिकेतल्या युटा राज्यात ‘सेंट्स अँड सोल्जर्स’ हा चित्रपट दहा लाख डॉलरच्या आत तयार झाला. डिसेंबर १९४४ मध्ये बेल्जियममधल्या माल्मेदीजवळ जर्मनांनी अमेरिकी कैद्यांवर गोळ्या चालवल्या, त्यातून निसटलेल्या मूठभर शिपायांची ही गोष्ट. दिग्दर्शक रायन लिटल यांनी बेल्जियम युटातल्याच बर्फात उभा केला. जुन्या लढाया हौसेनं उभ्या करणारी मंडळी गणवेश-हत्यारांसकट मदतीला आली. नायक धार्मिक आहे, पण त्याचा पंथ कोणता हे चित्रपटात कुणी उच्चारत नाही. त्याच्या वागण्यातून ते समजतं. आपण यातून एवढंच उचलायचं: माणसं मोजकी, मुलूख मोकळा आणि पेच आतला.

आपल्याकडे याहून नेटका विषय शंभर वर्षं पडून आहे. पुढचा सगळा लेख त्याच एका उदाहरणावर चालवतो, कारण ‘विषय निवडा, पटकथा लिहा’ असल्या मोघम सल्ल्यानं कुणाचा चित्रपट झालेला मी पाहिलेला नाही.

पहिली पायरी: लढाई निवडताना

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, सहावी (पुणे) डिव्हिजन गेली होती. तिचा सेनापती मेजर-जनरल चार्ल्स टाउनशेंड. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफोनला तिचा जोर संपला आणि ती मागे हटत टायग्रिस नदीच्या वळणात वसलेल्या कुत-अल-अमारा या गावात येऊन थांबली. ७ डिसेंबर १९१५ ला तुर्कांनी वेढा घातला. तो २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीनं संपला. सोडवायला निघालेल्या फौजांनी जानेवारीपासून एप्रिलपर्यंत पुन्हा पुन्हा धडका दिल्या आणि त्यांचीच सुमारे २३ हजार माणसं मेली किंवा जायबंदी झाली. आत अडकलेल्यांत तीन मराठा पलटणी होत्या: १०३ वी मराठा लाइट इन्फंट्री, ११० वी मराठा लाइट इन्फंट्री आणि ११७ वी मराठा.

आता आपला विषय. धान्य संपत आलं तशी जानेवारीच्या अखेरीपासून तोफखान्याची आणि रिसाल्याची जनावरं कापायला सुरुवात झाली. गोऱ्या शिपायांनी घोड्याचं मांस खाल्लं. हिंदी शिपायांतल्या बहुतेकांनी, हिंदूंनी तसंच मुसलमानांनी, नकार दिला. बार्लीच्या पिठावर दिवस निघत होते. ताजं काही नसल्यानं स्कर्व्ही पसरली, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. टाउनशेंडनं बिनतारी यंत्रावरून हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची परवानगी मागवली आणि ती आलीही. तरी माणसं हटून बसली. धर्मानं सूट दिली असेल, पण गाव देईल का? जातीबाहेर टाकलं तर? पोरींची लग्नं कुणाशी लावायची? एप्रिलच्या मध्यावर, जे खाणार नाहीत त्यांच्या हुद्द्याला हात लागेल असा दम दिल्यावर आणि पोटात काहीच उरलं नाही तेव्हा, बहुतेकांनी खाल्लं. पंधरवड्यात शरणागती झाली.

युद्धपटाच्या अर्थशास्त्राकडे पाहिलं तर असा प्रसंग विरळा. शत्रू बहुतेक वेळ दिसत नाही. जागा एकच. माणसं रोज थोडी थोडी बारीक होतात. आणि सगळ्यांत मोठी लढाई एका पत्र्याच्या थाळीपुढे बसून होते.

दुसरा विषय घ्यायचा असेल तर त्यालाही हाच निकष लावा. तुमच्या नायकाची श्रद्धा त्याला एका दिशेला ओढते आहे आणि सोबत्याचा जीव दुसऱ्या दिशेला, असा एक प्रसंग हाताशी असला पाहिजे. तो नसेल, आणि लढाई सुरू होण्याआधी आरती, संपल्यावर भंडारा एवढंच असेल, तर ती देवभक्ती सजावटीची झाली. तिच्यासाठी युद्ध कशाला उभं करायचं?

दुसरी पायरी: कागद गोळा करा, पण महिनाभरच

अभ्यासाला अंत नसतो आणि अभ्यास हा चित्रपट पुढे ढकलण्याचा सर्वांत सभ्य मार्ग आहे. म्हणून मुदत घाला. चार ठिकाणं पुरतात.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची नोंदवही ऑनलाइन शोधता येते. पलटण आणि साल टाकून बघा. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर ज्ञात नसलेल्यांचं स्मारक बसऱ्याजवळ आहे. तिथे ब्रिटिशांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांचे मात्र पलटणीमागे फक्त आकडे लिहिले गेले. पटकथेत हे वाक्य कुठेही घालू नका. पण पात्रांना नावं देताना ते डोक्यात असू द्या.

दुसरं ठिकाण लंडनचं नॅशनल आर्काइव्ह्ज. पलटणींच्या युद्धदैनंदिन्या तिथे आहेत आणि रोज काय घडलं ते कोरड्या चार ओळींत मिळतं. तिसरं म्हणजे मेसोपोटेमिया कमिशनचा १९१७ चा अहवाल. डॉक्टर, औषधं आणि होड्यांची काय दैना होती ते त्यात आहे. हिंदी माणसाचा स्वतःचा आवाज हवा असेल तर बंगाल अँब्युलन्स कोअरमधले शिशिरप्रसाद सर्वाधिकारी यांच्या बंगाली आठवणी मिळवा. ते कुतला कैद झाले होते.

चौथं ठिकाण आपल्या दारातच आहे. सातारा, रत्नागिरी, पुणे जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत एक दगडी पाटी बसवलेली असते: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके गेले, पैकी इतके परत आले नाहीत. अशा एखाद्या गावात जा आणि म्हाताऱ्यांशी बोला. लढाईबद्दल विचारू नका, ते त्यांना ठाऊक असायचं कारण नाही. परत आलेल्याच्या जेवणाखाण्याबद्दल, सोवळ्याबद्दल, लग्नांबद्दल घरात काय बोललं जायचं ते विचारा.

तिसरी पायरी: पाच माणसं, पाच पेच

पलटण दाखवायची नाही, एक सेक्शन दाखवायचा. खंदकाचा एक वळसा आणि त्यात पाच जण. मी ते असे बांधीन.

एक माळकरी. तुळशीची माळ घातलेला, त्यामुळे मांस कुठलंच नाही. पलटणीत बोकड शिजे तेव्हाही हा बाजूला बसून भाकरी खाई. त्याचा पेच सर्वांत सरळ दिसतो आणि म्हणूनच तो लिहायला सर्वांत कठीण. त्याला संत करू नका. त्याला भूक लागते, राग येतो, आणि इतरांनी मांस खावं की नाही यावर तो अनपेक्षितपणे सैल असू शकतो.

दुसरा खंडोबाचा भक्त. घरात मटण चालतं, पण घोडा हे देवाचं वाहन. त्याला कुणी सांगितलं की शास्त्रात यावर काही बंदी नाही, तर तो म्हणेल की शास्त्र तुमचं, जेजुरी माझी. पंडित आणि मौलवी यांच्या तारांनी ज्याचं समाधान होत नाही तो हा माणूस. श्रद्धा पोथीत थोडी आणि घरात फार असते, हे त्याच्यामुळे भाषण न करता दिसतं.

तिसरा दख्खनी मुसलमान. मराठा पलटणींत त्या काळी दख्खनी मुसलमानांच्याही तुकड्या होत्या, हे आपल्या लोकांना फारसं ठाऊक नसतं. याचा पेच दुहेरी आहे. समोर जो शत्रू आहे त्याचा सुलतान इस्लामी जगाचा खलिफा, आणि त्यानं नोव्हेंबर १९१४ मध्ये जिहाद पुकारलेला. तुर्कांकडून खंदकांत पत्रकं येत. टेसिफोनजवळच्या सलमान पाकला पैगंबरांचे सोबती सलमान फारसी यांची कबर, त्यामुळे तिथे लढण्याबद्दल काही मुस्लिम शिपायांत नाखुषी होती. हा माणूस फुटणार का, असा संशयाचा खेळ करायचा मोह होईल. करू नका, आजच्या प्रेक्षकाला तो आयता मिळतो आणि बाकी सगळं गिळून टाकतो. त्याला पत्रक वाचता येतं आणि इतर चौघांना येत नाही, एवढ्यावर एक अख्खा प्रसंग उभा राहतो.

चौथा जमादार. आजच्या नायब सुभेदाराला तेव्हा जमादार म्हणत. गणवेशावर आणि संवादात तोच शब्द ठेवा. वरून हुकूम आला की खाली उतरवायचा, हे त्याचं आयुष्य. आता हुकूम ताटातला आहे. स्वतः खाल्लं तर शिपाई म्हणतील हुद्द्यासाठी खाल्लं. नाही खाल्लं तर हुद्दा जाईल आणि पोरं मरतील.

पाचवा सतराअठरा वर्षांचा पोर, ज्याला काय वाटतं हे त्यालाच कळलेलं नाही. हिरड्या सर्वांत आधी त्याच्या सुजतात.

गोरा अधिकारी शक्यतो आवाजापुरता ठेवा. खंदकाच्या वरून बूट आणि काठी दिसली तरी पुरे. पैसे वाचतात आणि चित्रपट कुणाचा हेही ठरून जातं.

लेखनाचा एक नियम मी कडक पाळीन: चमत्कार नाही. प्रार्थनेनंतर पाऊस आला तर आदल्या दिवशीही आलेला असू दे. देव आहे असं सिद्ध करणारा प्रसंग आणि देव नाही असं सिद्ध करणारा प्रसंग, दोन्ही सारखेच स्वस्त.

चौथी पायरी: पटकथेशेजारी पंचांग

हे बहुतेक जण करत नाहीत. वेढ्याच्या तारखा इंग्रजी कागदांत आहेत, पण शिपाई दिवस मोजत होते तिथींनी. जुनं पंचांग काढून शेजारी ठेवा, पटकथा आपोआप बांधली जाते. वेढा पडल्यावर आठवड्याभरातच चंपाषष्ठी येते. खंडोबाच्या भक्ताला रोडगा आणि वांग्याचं भरीत हवं. टायग्रिसच्या काठी पीठ आहे, वांगं नाही. अजून खायला मिळतं आहे, त्यामुळे हा प्रसंग हसतखेळत जाऊ दे. मार्चमध्ये होळी, जाळायला लाकूड नाही कारण चुलीलाच नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पाडवा. गुढीला काठी म्हणून बंदूक वापरावी असं कुणीतरी सुचवेलच. मला ते फार सोपं वाटतं. तंबूचा बांबू घ्या. दुसऱ्या आठवड्यात रामनवमी, आणि त्याच सुमाराला ताटात घोडा. माळकऱ्याचा उपास आणि पलटणीची उपासमार एकाच दिवशी येते, तेव्हा त्याला ‘उपास आहे’ असं म्हणण्याची पळवाट मिळते. ती त्यानं घ्यायची की नाही, हे पटकथेतलं मधलं वळण.

इतिहासातल्या इतर गोष्टी अशाच तिथींच्या आसपास बसवा. जानेवारीत पूर आला आणि दोन्ही बाजूंच्या पुढच्या खंदकांत पाणी भरलं. एप्रिलमध्ये विमानांतून पिठाची पोती टाकली गेली, काही नदीत पडली. बार्ली दळायला जात्याचे दगडही विमानातून आले. साताऱ्याकडच्या शिपायानं आभाळातून जातं उतरताना पाहणं, असला प्रसंग कल्पनेनं सुचला नसता. विमान दाखवायची गरज नाही. आवाज, वर वळलेल्या माना, चिखलात रुतलेला दगड. २४ एप्रिलच्या रात्री ‘जुलनार’ नावाची आगबोट २७० टन अन्न घेऊन नदीतून घुसायला निघाली आणि तुर्कांच्या हाती लागली. तीही फक्त ऐकू येऊ द्या.

चित्रपट शरणागतीला थांबवा. पुढची वाळवंटातली चाल आणि कैद भयंकर होती, तिथे हजारो मेले. पण तिला वेगळा मुलूख, वेगळी माणसं, वेगळे पैसे लागतील. शेवटच्या पंधरा मिनिटांत ती उरकली तर दोन्ही विषयांवर अन्याय.

भाषा: पाचही जण आपापसांत मराठी बोलतील, गावागावाची. कोकणातला आणि माणदेशातला एकसारखं बोलू नयेत. अधिकाऱ्याशी पलटणी हिंदुस्तानी. आजच्या मालिकांतली ऐतिहासिक मराठी, ‘आम्ही आज्ञा करतो’ वगैरे, इथे एक ओळही चालणार नाही.

पाचवी पायरी: इराक उजनीत शोधा

राजस्थानला जाऊ नका. वाळूचे डोंगर हे कुतचं रूप नाहीच. तो गाळाचा सपाट मुलूख, कच्च्या विटांची घरं, नदीकाठी खजुराची झाडं. गाळ आणि कच्ची वीट आपल्याकडे मुबलक.

खंदकासाठी धरणाच्या फुगवट्यातली गाळपेर जमीन पाहा. उजनीचं पाणी उन्हाळ्याकडे उतरतं तसा भिगवण-इंदापूर पट्ट्यात मैलोनमैल सपाट, भेगाळलेला गाळ उघडा पडतो आणि मागे पाण्याची रुंद पट्टी राहते. परवानगी जलसंपदा विभागाची, आणि कसणारा शेतकरी असेल तर त्याच्याशी वेगळं बोलणं. खंदक खणताना पाणी किती फुटांवर लागतं ते आधी एका खड्ड्यात बघा. माणसाच्या छातीएवढा खणून खणलेली माती वर बांधासारखी रचली की कॅमेऱ्याला तो पुरुषभर दिसतो. कडा गोण्यांनी आणि फळ्यांनी धरून ठेवा. ओला गाळ कोसळतो आणि खाली माणूस असतो, त्यामुळे इथे काटकसर नको.

गावासाठी मराठवाड्यातल्या आणि सोलापूर जिल्ह्यातल्या पडक्या गढ्या. पांढऱ्या मातीच्या त्या जाड, झिजलेल्या भिंती मेसोपोटेमियाच्या म्हणून सहज खपतील. २४ डिसेंबर १९१५ ला तुर्कांनी कुतच्या ईशान्य कोपऱ्यातल्या मातीच्या किल्ल्यावर हल्ला केला होता. चित्रपटातली एकमेव समोरासमोरची लढाई तीच ठेवा आणि ती गढीत रात्री करा: अंधार, भिंतीतलं भगदाड, धूर, दहा माणसं. आणखी एक सोय म्हणजे वीटभट्टी. भाजण्याआधी रचलेल्या कच्च्या विटांच्या रांगा म्हणजे तयार भिंती. मालकाला भाडं द्या आणि हंगाम चालू असताना गेलात तर मजुरांचं काम अडणार नाही असं बघा. खजुराऐवजी ओढ्याकाठची शिंदी लांबून चालते.

चित्रीकरणाचा काळ फेब्रुवारी ते एप्रिल. सकाळी सहा ते साडेनऊ आणि चारनंतर अंधार पडेपर्यंत बाहेर. मधला वेळ गढीच्या आत, छपराखालचे प्रसंग. भर दुपारचं मराठवाड्याचं ऊन पडद्यावर सपाट दिसतं आणि युनिट आजारी पडतं.

सहावी पायरी: घोडा

घोड्याच्या मांसावरच्या चित्रपटात घोडा किती दाखवायचा? माझं उत्तर: एक. जिवंत, सुरुवातीच्या वीस मिनिटांत, नाव असलेला, आणि खंडोबाचा भक्त त्याला पाणी पाजतो. पुढे फक्त रिकामा दोर, रिकामी दावण, आणि कानावर येणारे, दिवसागणिक कमी होत जाणारे खुरांचे आवाज.

कायदाही इथे कलेच्या बाजूनं आहे. ‘परफॉर्मिंग ॲनिमल्स (रजिस्ट्रेशन) रूल्स, २००१’ प्रमाणे जनावर वापरण्याआधी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी लागते. मंडळाचं कार्यालय हरियाणात बल्लभगडला आहे. चित्रपट प्रमाणपत्राला गेला की त्यांचं पत्र मागतात. अर्ज चित्रीकरणाआधी पुरेसा वेळ ठेवून करा. नंतर हात जोडून काही होत नाही. दृश्याचं वर्णन नेमकं लिहा: घोडा उभा आहे, पाणी पितो, एक माणूस लगाम धरून चालवतो. स्फोट, धूर, पडणं यातलं काही त्याच्याजवळ नको. ताटातलं मांस म्हणजे सुरण, भिजवलेला सोया आणि बीटाचा रस. नटांपैकी कुणी खरोखरचा माळकरी असेल तर भांडी वेगळी ठेवा. हसू नका, या चित्रपटाच्या सेटवर तरी नको.

सातवी पायरी: कपडे, बंदुका, आवाज

गणवेश थोडे आणि चांगले. प्रत्येक नटाला तीन जोड: डिसेंबरचा धड, फेब्रुवारीचा विटलेला, एप्रिलचा फाटका. तिसरा जोड एक माप मोठा शिवा, म्हणजे माणूस आत बारीक झालेला दिसतो. नटांना उपाशी ठेवण्याचं हे बिनधोक उत्तर आहे. उरलेलं काम रंगभूषा, दाढी आणि हालचालीचा वेग करतात. पागोट्याची बांधणी पलटणीगणिक वेगळी असे, म्हणून ड्रेसवाल्याकडचं ‘सैनिकाचं पागोटं’ तसंच उचलू नका. जुन्या फोटोवरून बांधून घ्या. मेसोपोटेमियात हिवाळा कडक असतो, घोंगडी आणि गरम कोट हवेतच.

बंदुका सगळ्या डमी. जवळच्या शॉटसाठी बोल्ट हलणारी दोन-तीन लाकूड-धातूची ली-एनफिल्ड, मागच्यांना फायबरची. नळीतला जाळ नंतर संगणकावर घाला. डमी असल्या तरी गावात नेण्याआधी स्थानिक पोलिस ठाण्याला यादीसह पत्र द्या. गढीवर बंदूकधारी दिसले की फोन जाणारच. ही बंदूक हाताळायला शिकवणारा माणूस महाग नसतो: आपल्या पोलिसांत .३०३, म्हणजे हीच ली-एनफिल्ड, अगदी परवापर्यंत होती, त्यामुळे निवृत्त हवालदाराला तिची सवय हाडांत असते. कवायतीसाठी माजी सैनिक. साताऱ्याजवळ अपशिंगे हे गाव ‘मिलिटरी’ या नावानंच ओळखलं जातं, आणि अशा गावांतून गर्दीसाठी माणसंही मिळतात, ज्यांना उभं कसं राहायचं ते सांगावं लागत नाही. त्यांना ज्युनिअर आर्टिस्टपेक्षा कमी पैसे देऊ नका.

स्फोट दोनच, तेही परवानाधारक माणसाकडून, आणि मातीचा फवारा हवेच्या दाबावर. मुलतानी माती आणि बुचाचा भुगा डोळ्यांना कमी त्रास देतो. बाकी सारी तोफबाजी आवाजात.

आवाजावर मी हात सैल सोडीन. कॅमेऱ्याच्या भाड्याला जेवढे पैसे ठेवाल तेवढेच आवाजाला. वेढ्यात माणूस युद्ध ऐकतो, पाहत नाही: लांबची तोफ, तिच्यानंतरची शांतता, गोळा कुठे पडला यावरून कोण मेलं असेल याचा अंदाज. सुटकेला आलेली फौज नदीच्या खालच्या अंगाला लढते आहे आणि तिचा गडगडाट कधी जवळ, कधी दूर जातो. सगळी आशा त्या आवाजाच्या अंतरात आहे. सेटवर संवाद स्वच्छ टिपा आणि जनरेटर लांब ठेवा. घरघर, खोकला, जात्याचा आवाज, थाळीला लागणारी बोटं हे सगळं फोलीमध्ये, म्हणजे नंतर स्टुडिओत हातानं आवाज करून टिपताना, नीट करून घ्या. पार्श्वसंगीत जपून. माळकऱ्याच्या तोंडी एखादा अभंग आलाच तर तो अर्धवट, सुराविना, धाप लागलेला. त्याला मागून टाळ-मृदंग जोडलात तर मी तरी थिएटर सोडीन.

आठवी पायरी: दिवसांचं गणित

वीस दिवस धरा, आणि कथेच्या क्रमानंच चित्रीकरण करा. रोजचा खर्च आणि वेळापत्रक सांभाळणारा लाइन प्रोड्यूसर विरोध करेल कारण एका जागेचं सगळं एकदम उरकणं त्याला स्वस्त वाटतं. पण इथे जागा दोनच आहेत, दाढ्या वाढायच्या आहेत, कपडे झिजायचे आहेत, खंदक ढासळत जायचा आहे. क्रमानं गेलात तर हे सगळं फुकट मिळतं.

रात्रीचे दिवस चारपेक्षा जास्त नकोत. पहिल्या दिवशी सोपं काही ठेवा, घोड्याला पाणी पाजणं वगैरे. थाळीचा प्रसंग शेवटून तिसऱ्या दिवशी, कारण तो फसला तर पुन्हा करायला दोन दिवस हाताशी हवेत. त्या दिवशी दुसरं काही लावू नका. पाच जण, एक चूल, दोन कॅमेरे, लांबलचक टेक. कोण आधी खातो हे नटांना आधी माहीत असावं, पण कसं खातो ते त्यांच्यावर सोडा.

नववी पायरी: कागदपत्रं आणि पैसे

पटकथा स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये नोंदवा, ते ऑनलाइन होतं. नाव अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाकडे. लष्करावरच्या चित्रपटांसाठी संरक्षण मंत्रालयाचं ना-हरकत पत्र घ्यावं असं मंत्रालयानं २०२० मध्ये सेन्सॉर बोर्डाला कळवलं होतं. तुमचा काळ ब्रिटिश अमदानीचा असला तरी या पलटणींचा वारसा मराठा लाइट इन्फंट्री आजही चालवते आणि तिचं केंद्र बेळगावात आहे. तेव्हा पटकथेसह आधीच पत्र लिहा. वाद टळतो, आणि जुने फोटो मिळण्याचीही शक्यता असते.

भावना दुखावण्याचा धोका खरा आहे. मराठा शिपायांनी घोडा खाल्ला हे एका ओळीत सांगितलं की ती शिवीसारखी ऐकू येते. दोन तासांत सांगितलं की वेगळं कळतं. म्हणून जाहिरातीत, पोस्टरवर, टीझरमध्ये थाळी दाखवू नका. ज्या गावात अभ्यासाला गेलात तिथल्या चार जाणत्यांना पटकथा वाचून दाखवा, बदल करा म्हणून नव्हे, तर कुठे टोचतं ते कळावं म्हणून. ऐतिहासिक कागदांची फाइल वकिलाकडे तयार ठेवा.

प्रमाणपत्रात आता ‘यूए’चे तीन गट आहेत: ७ वर्षांवरील, १३ वर्षांवरील आणि १६ वर्षांवरील. मधला गट धरून संकलन करा. जखमा आणि स्कर्व्ही रेंगाळत दाखवल्यात तर वरच्या गटात जाल आणि टीव्हीचा भाव उतरेल.

राज्य सरकारचं मराठी चित्रपटांना अनुदान मिळतं, पण ते चित्रपट पूर्ण झाल्यावर, दर्जा ठरल्यावर. ते पैसे अंदाजपत्रकात जमेला धरणारा निर्माता शेवटी डीआय, म्हणजे संकलनानंतरचं रंग जुळवण्याचं काम, अर्धवट ठेवून बसतो. नोव्हेंबरमध्ये गोव्याचा इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव आणि त्यानंतर पुण्याचा तसाच पिफ, ज्यात मराठी चित्रपटांची स्पर्धा असते, या दोन्हींच्या प्रवेशाच्या तारखा पाहून मागून मोजत या आणि संकलन कधी संपलं पाहिजे ते ठरवा. इंग्रजी उपशीर्षकं मराठी नीट कळणाऱ्याकडूनच करून घ्या. आणि आवाज, डीआय, उपशीर्षकं यांचे पैसे चित्रीकरण सुरू होण्याआधीच वेगळ्या खात्यात टाका, ज्याच्या चेकवर दिग्दर्शकाची एकट्याची सही चालत नाही.